समोरच्या खुर्चीचा झोळ

१

त्या दिवशी हवा अगदी कोरडी होती. वारा नाही, ढग नाही, नुसतं पांढरं ऊन. अशा हवेत आमच्या धंद्यात घाई करावी लागते, आणि मला घाई जमत नाही. भिजवलेला वेत पाण्यातून काढून खुर्चीच्या भोकात ओवेपर्यंत कडक होतो, वाकवला की तडकतो. म्हणून बादली मांडीशी घेऊन बसलो होतो आणि एकेक पट्टी ओल्या फडक्यातून ओढून घेत होतो.

मी वेताच्या खुर्च्या विणतो. घरापासून लांब, एका इमारतीच्या जिन्याखाली माझी कामाची खोली आहे. तिथे एक माणूस, एक खुर्ची आणि एक बादली मावते. गिऱ्हाईक आलं की बादली बाहेर. लोक मला ‘सावकाश’ म्हणतात. ते नाव माझ्या बायकोने पाडलं. ती म्हणायची, “यांना घर पेटलंय म्हणून सांगा, आधी चपला नीट लावून ठेवतील.” नाव राहिलं. ती तीन वर्षांपूर्वी गेली.

मी शाळेत गेलो नाही. अक्षरं मोठेपणी शिकलो, तीही बायकोनेच शिकवली. अजून वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागतं. पण खुर्चीची जुनी जाळी हातात आली की तिच्यावर कोण बसत होतं ते मला सांगता येतं. त्यात काही विद्या नाही. वेत जिथे रोज दबतो तिथे झोळ पडतो, आणि प्रत्येकाचा झोळ वेगळा असतो. पन्नास वर्षं हात फिरवला की कळतं.

त्या कोरड्या दिवशी एक बाई खुर्ची घेऊन आल्या. पन्नाशीच्या असतील. खुर्ची स्वतःच उचलून आणली होती, दम लागला होता.

“किती दिवस लागतील, काका?”

“चार.”

“दोनात नाही होणार?”

“होईल की. मग दोन वर्षांनी परत आणावी लागेल.”

त्या हसल्या. मी खुर्ची उजेडाकडे फिरवली, जाळीवर तळवा ठेवला आणि सवयीने बोलून गेलो, “तुम्ही लिहिण्याचं काम करता.”

“शाईचे डाग दिसले वाटतं.”

“डाग नाही बघितले. झोळ उजवीकडे आहे, पुढे. म्हणजे उजवा हात टेबलावर टेकून वाकता. आणि पुढच्या कडेचे पदर तुटलेत. फार वेळा उठता.”

“ते तर माझ्या ओळखीचं कोणीही सांगेल.”

“उठता, पण लांब जात नाही. दोन पावलं टाकून परत बसता. लांब जाणारं माणूस खुर्ची मागे सारून उठतं, मग खुर्चीच्या पायांची बुडं झिजतात. तुमची कोरी आहेत.”

बाई पायरीवर बसल्या. मला वाटलं, राग आला. मग म्हणाल्या, “वीस वर्षं गोष्टी लिहितेय, काका. तीन पुस्तकं आहेत. पण संपादक एकच सांगतात. भाषा छान आहे, पण तुमच्या माणसांना वजन नाही. माझी माणसं बोलतात, रडतात, मरतातसुद्धा. पण कुठे बसलीयेत असं वाटत नाही. मी सगळं करून बघितलं. त्यांच्या नाकाडोळ्यांबद्दल पानंच्या पानं लिहिली. आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे न बघताच मला सांगून टाकलंत.”

“तोंड काय, तोंड सगळेच सावरतात,” मी म्हणालो. “खुर्चीत कोण सावरून बसतं?”

त्यांनी पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ. मला लाजल्यासारखं झालं.

२

चार दिवसांनी खुर्ची न्यायला आल्या तेव्हा त्यांनी दुसरी सांगितली. नवीन चौकट, नवीन जाळी, आजवर कोणी न बसलेली.

“कोणासाठी?” मी विचारलं, कारण बसणाऱ्याच्या वजनावर ताण ठरवावा लागतो.

“ते अजून मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “टेबलाच्या पलीकडे ठेवणार आहे. मी जिच्याबद्दल लिहीन ती समोर बसलीये असं धरून लिहायचं. ती कशी बसलीये हे दिसल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही.”

मी मध्यम ताणाची विणली. पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी आग्रह केला की दर गुरुवारी दुपारी यायचं, लिहिलेलं ऐकायचं आणि कुठे खोटं वाटलं ते सांगायचं.

“मला गोष्टीतलं काय कळतं, बाई?”

“म्हणूनच या. ज्यांना कळतं ते वीस वर्षं छान छान म्हणतायत.”

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा एक पाइप दिसायचा, बाकी काही नाही. मधोमध टेबल. अलीकडे बाईंची खुर्ची, पलीकडे नवी, तिची पाठ खिडकीला आणि तोंड दाराकडे. मी दाराजवळच्या स्टुलावर बसायचो. दार खालून बोटभर आखूड होतं. बाहेरच्या बोळातला उजेड फटीतून आत यायचा आणि फरशीवर पट्टी पडायची. बाई वाचायच्या, मी त्या पट्टीकडे बघत ऐकायचो.

पहिल्या गुरुवारी त्यांनी वाचलं, ‘ती फार दुःखी होती.’ मी विचारलं, “दुःखी म्हणजे कशी बसली होती?” पुढच्या गुरुवारी ते वाक्य नव्हतं. त्या जागी होतं, ‘तिने खुर्ची भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. थोड्या वेळाने परत मागे नेली.’ बस. एवढ्यासाठी त्यांनी आठ दिवस घातले होते आणि एकवीस कागद फाडले होते. मी मोजले नाहीत, त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना जराही वैतागल्या नाहीत.

मी माझ्या धंद्यातलं एकेक बोलायचो आणि त्या ते गोष्टीत कुठे बसतं ते शोधायच्या. मी म्हणालो, ओला वेत फार ओढू नये, वाळल्यावर तो आपोआप आवळतो, आधीच ताणला तर तुटतो. पुढच्या वेळी त्यांच्या रडण्याच्या प्रसंगातून रडणंच गेलं होतं, आणि उरलेला प्रसंग आपोआप आवळून आला होता. मी म्हणालो, गाठी नेहमी खालच्या अंगाला मारायच्या, वर आल्या की बसणाऱ्याला टोचतात. त्यांनी सगळी कारणं, सगळे खुलासे वरून काढून टाकले. ते आत कुठेतरी होते, हाताला लागायचे, दिसायचे नाहीत.

मी हयातभर चांगले कारागीर पाहिले, पण असा कारागीर पाहिला नाही. स्वतःचं वीस वर्षांचं विणकाम उसवून पन्नाशीत पहिल्यापासून ओवायला बसायचं, हे कोणाला जमतं? हे सगळं लिहून काढायलाही त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, “जेवढं हाताला लागलं तेवढंच लिहा, काका. त्याचा अर्थ लावायला जाऊ नका.”

३

पाचव्या की सहाव्या गुरुवारी बाई वाचत होत्या आणि मी मधेच म्हणालो, “समोरच्या खुर्चीवर कोण बसतं?”

“कोणी नाही. का?”

“झोळ पडलाय.”

स्टुलावरूनही मला तो दिसत होता. जाळी चपटी राहिली नव्हती. बोटाच्या पेराइतकी खाली गेली होती, आणि ती डावीकडे, पुढच्या कडेशी.

“मी टेबल पुसताना कधी टेकले असेन,” बाई म्हणाल्या.

पण बाईंचा झोळ उजवीकडचा. मी पहिल्या दिवशीच पाहिला होता. मी विचारलं, घरात आणखी कोणी? कामाला येणारी बाई? मांजर? त्या प्रत्येकाला नाही म्हणत गेल्या. खोलीला कुलूप असायचं, किल्ली त्यांच्या कनवटीला.

मग मी म्हणालो की वेत कधी कधी नुसत्या दमटपणाने सैल पडतो. हे खरं आहे. दमटपणाने पडतो तेव्हा तो मधोमध पडतो हेही खरं आहे, पण ते मी बोललो नाही. खुर्ची घरी नेली, जाळी कापली आणि नवीन विणली, या वेळी चांगल्या ताणाची, दणकट माणसाला सुद्धा वर्षभर पुरेल अशी.

आमच्या शेजारी एक इस्त्रीवाली राहते. दोन वर्षं झाली तिला येऊन. जिभेची तिखट पण मनाने चांगली. मी एकदा किल्ली आत विसरलो तेव्हापासून माझी दुसरी किल्ली तिच्याकडे असते. मला दारात ती खुर्ची विणताना बघून म्हणाली, “बाबा, ही तर मागच्या महिन्यातच विणली होती ना? तुम्ही दिवसा विणता आणि रात्री उसवता की काय?”

“सैल झाली.”

“तुमच्या हातची? मग आता माझी इस्त्रीपण गार कपडे काढणार.”

मी हसलो. पण तिने बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

पुढच्या गुरुवारी खुर्ची परत पोचवली. त्याच्या पुढच्या गुरुवारी झोळ परत होता. तीच जागा, डावीकडे, पुढे. या वेळी दोन पेरं.

त्या दुपारी मी तो आवाजही ऐकला. कोणी वेतावर बसलं की जाळी एक लांब कुरकुर करते, हळूहळू, बसणाऱ्याचं वजन जसं उतरेल तशी. उठताना तसं होत नाही. उठताना पुढच्या कडेतून दोन तुटक आवाज येतात, टक्, टक्. माझे कान या आवाजांतच मुरलेले. बाईंनी नवीन पान काढलं, पहिली ओळ वाचली, आणि पलीकडून ती लांब कुरकुर आली. बाई क्षणभर थांबल्या. मग आवाज जरा खाली आणून पुढे वाचू लागल्या, घरात कोणी येऊन बसलं की आपण करतो तसं.

४

गोष्ट एका वाट बघणाऱ्या बाईची होती. कोणाची वाट, ते बाईंनी ठरवलं नव्हतं. सुरुवातीलाच त्यांनी मला विचारलं होतं, “वाट बघणारं माणूस कसं बसतं, काका?”

“टेकत नाही,” मी म्हणालो होतो. “पुढच्या कडेवर बसतं. अर्धं उठलेलंच असतं ते.”

मग गुरुवारागणिक त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. ती दाराकडे तोंड करून बसेल. हातात काहीतरी काम घेईल, पण करणार नाही. पायऱ्यांवर कोणी चढलं की पावलं मोजेल, आणि पाऊल ओळखीचं नाही हे कळलं की मगच मान वळवेल. मी हे सगळ्या वाट बघणाऱ्यांबद्दल सांगतोय असं मला वाटत होतं. पण माणूस एवढं बारीक सांगतो तेव्हा ते कोणा एकाचंच असतं. बाईंनी ते केव्हाच ओळखलं होतं. एकदा पेन खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, “त्यांचं शेवटी काय झालं?”

बायकोबद्दल मी जे सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती, मी शेजारी होतो, माझ्या हातात तिचा हात होता. पाणी मागितलं, मी पाजलं आणि ती शांत गेली. माझी मुलगी लांब राहते. दर वर्षी त्या दिवशी फोन करते आणि म्हणते, आई भाग्याची, तुम्ही जवळ होतात. मी हूं म्हणतो.

बाईंनी ते लिहून घेतलं. पलीकडच्या खुर्चीतून कसलाही आवाज आला नाही.

निघताना मी म्हणालो, जाळी तपासतो. टेबलाला वळसा घालून गेलो आणि झोळावर तळवा ठेवला. डोळे आपोआप मिटले.

डाव्या मांडीचं वजन खोल. उजवीकडे जवळजवळ काहीच नाही, कारण उजवा पाय लांब सोडलेला, त्याचा गुडघा न वाकणारा. मी हात बाजूच्या दांड्यावर नेला. डावीकडच्या दांड्याचं रोगण एका तळव्याइतकं गेलं होतं. उठायला सोपं जावं म्हणून कोणीतरी तो रोज धरत होतं.

लाखभर खुर्च्यांत मी तो झोळ ओळखला असता. तीस वर्षं तो माझ्या घरात होता, दाराजवळ. तो आता कुठेही नव्हता. तिला पोचवून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्या खुर्चीची जाळी कापली होती, जुना वेत जाळला होता, नवी विणून खुर्ची विकून टाकली होती. तो आकार फक्त माझ्या तळव्यात उरला होता.

“बाई,” मी म्हणालो, “तुम्ही गुडघ्याबद्दल लिहिलंय का?”

“कुठला गुडघा?”

“हिचा. उजवा.”

“नाही. तुम्ही गुडघ्याबद्दल कधी बोललाच नाहीत, काका.”

५

त्यानंतर मी एक गुरुवार चुकवला. अंग दुखतंय असा निरोप दिला. घरी बसून कारणं शोधली. मला वाटायला लागलं की मीच विणताना डावीकडे ताण कमी ठेवत असेन. म्हातारा झालोय, हातच जुनी सवय काढत असेल. हे कारण मला आवडलं, पण टिकलं नाही, कारण दांड्याचं रोगण मी घासलं नव्हतं.

इस्त्रीवाली विचारायला आली. “बाबा, आज लेखिकाबाईंकडे नाही गेलात? भांडण झालं की काय?”

“नाही. थकलो.”

“तुम्ही कधी थकता? थकायलाही जरा वेग लागतो.”

पुढच्या गुरुवारी गेलो. बाई वाळल्या होत्या. म्हणाल्या, उठावंसंच वाटत नाही, समोर कोणी बसलेलं असताना आपण कसं उठून जायचं. म्हणाल्या, “मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बसलंय, काका.”

जाळी आता इतकी खाली गेली होती की पदरांमधून उजेड दिसत होता. मी हात लावला नाही. नुसतं बघूनही कळत होतं, आणखी आठ दिवस टिकणार नाही. आणि मग? जाळी फाटली तर बसलेलं माणूस कुठे जातं, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

बाईंनी सुरुवातीपासून वाचलं. काय वाचलं म्हणून सांगू. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. एक बाई, एक दार, एक दुपार. तिने दोनदा पाय जवळ घेतला आणि परत लांब सोडला, एवढंच तर होत होतं, आणि मला स्टुलावर बसवत नव्हतं. असं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. मग शेवट आला, हातात हात, पाणी, शांत. वाचता वाचता बाईंचाच आवाज पातळ झाला. त्या थांबल्या.

“चौदा वेळा लिहिला,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळं जागेवर आहे. इथे पाय ठेवला की पोकळ लागतं. तुम्हाला लागत नाही?”

मी स्टूल जरा मागे सारलं.

“परवा मला कळलं का ते. राग मानू नका, मी फक्त गोष्टीचं बोलतेय.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कागदाकडे बघत होत्या. “ही बाई शेवटी मागे टेकलीये. पण वाट बघणारं माणूस टेकत नाही. तुम्हीच सांगितलंत.”

मी फरशीवरच्या उजेडाच्या पट्टीकडे बघत राहिलो. तीन वर्षं मी ही गोष्ट सांगत होतो, शेजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना, पोटच्या मुलीला. कोणाच्याही लक्षात आलं नाही की मी तिला टेकवून बसवलंय. मी, पन्नास वर्षं लोकांचे झोळ ओळखणारा.

पलीकडून वेत बारीकसा कुरकुरला. कोणीतरी जरा पुढे सरकलं असावं, ऐकायला.

६

मी सांगितलं. बाईंकडे बघून सांगायला सुरुवात केली. मग नजर त्या खुर्चीवर गेली, आणि तिथेच बघून सांगितलं.

“त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, आज लवकर या. का ते बोलली नाही, मी विचारलंही नाही. चारला निघतो म्हणालो. एका खुर्चीचे शेवटचे तिरपे पदर राहिले होते. वेत भिजलेला होता, तसाच ठेवला असता तर वाया गेला असता. म्हटलं, एवढं उरकू. उरकलं. मग कडेची पट्टी राहिली, ती पण घेतली. कोणी थांबवलं नव्हतं. घाईचं काम नव्हतं. नुसतं हातात होतं म्हणून करत बसलो. पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते.

“ती दारातल्या खुर्चीत होती. अगदी पुढच्या कडेवर. डावा हात दांड्यावर. मी म्हणालो, आलो. आणि चपला काढल्या, नीट लावून ठेवल्या. मग वर बघितलं. डॉक्टर म्हणाले, तास तरी झाला असेल.

“हात माझ्या हातात नव्हता. पाणी मी पाजलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिची जाळी कापली, कारण कोणीही हात फिरवला असता तर त्याला कळलं असतं ती कशी बसली होती. मलाच रोज कळलं असतं.”

बाईंनी मान वर केली नाही. मी बोलायचा थांबलो तशी त्यांनी जुनं शेवटचं पान अलगद बाजूला ठेवलं, फाडलं नाही, आणि नवं घेतलं. खूप वेळ लिहीत होत्या. मधे एकदाही उठल्या नाहीत. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. भीतीने सुद्धा तो हात घाई करत नव्हता. एक ओळ लिहायच्या, समोर बघायच्या, थांबायच्या, मग दुसरी. मी मनात म्हणालो, सावकाश म्हणतात ते याला. माझं ते नुसतं उशीर करणं होतं.

मग त्यांनी वाचलं. पान पुरं भरलंही नव्हतं. त्यात मरण नव्हतं. मी नव्हतो. दारात ऊन कुठपर्यंत सरकलं ते होतं, आणि पायऱ्यांवरची पावलं होती, एकेक करून सगळी अनोळखी. शेवटची ओळ मला पाठ आहे. ‘मग तिने तिसऱ्यांदा पाय जवळ घेतला, आणि या वेळी तो परत लांब सोडला नाही.’

बाईंनी कागद खाली ठेवला.

टक्. टक्.

मी पुढे बघितलं नाही. माझी नजर फरशीवरच राहिली. दारातल्या फटीतून आलेली उजेडाची पट्टी डावीकडून उजवीकडे सलग होती. ती मधे एके ठिकाणी मिटली. ती मिटलेली जागा सरकली, एक पाऊल नीट, एक पाऊल ओढत, आणि पलीकडे गेली. पट्टी पुन्हा सलग झाली. बोळातून कोणी गेलं असेल. दुपारी लोक जातात येतात.

बऱ्याच वेळाने मी उठून खुर्चीपाशी गेलो. जाळीच्या पुढच्या कडेचे दोन पदर तुटले होते, आत्ताच, टोकं पांढरी होती. माणूस उठताना जिथे जोर देतं तिथे.

“काका,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, थकलेला आणि समाधानी. “ती उठली असं मी लिहिलेलं नाही.”

“बघितलं मी.”

“जाळी नवीन विणाल?”

“विणेन,” मी म्हणालो. “पण ही गोष्ट झाली, बाई. आता हिच्यात कुठेही पोकळ लागत नाही.”

त्यांनी डोळे पुसले आणि हसल्या. वीस वर्षं जे कोणी त्यांना म्हणालं नव्हतं ते मी म्हणालो होतो, आणि ते खरं होतं.

७

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की मी दोन दोन पायऱ्या घेतोय. तिथून घराकडचा रस्ता मी नेहमी अर्ध्या तासात चालतो. त्या दिवशी किती लागला माहीत नाही. चहावाल्याने हाक मारली, “सावकाश, आज कुठे आग लागली?” मी हात केला, थांबलो नाही.

चार वाजले होते. त्या वेळी मी कधीच घरी नसतो.

आमच्या जिन्याशी इस्त्रीवाली कपड्यांचा गठ्ठा बांधत होती. माझ्या बायकोला तिने कधी पाहिलं नव्हतं. घरात फोटोही नाही, तो मुलगी घेऊन गेली. वरती माझ्या घराचं दार उघडं दिसत होतं. मी कठडा धरून उभा राहिलो. मला वर जायचं होतं, आणि आपल्याला नक्की कशाची भीती वाटतेय हे मी स्वतःलाच विचारत होतो.

इस्त्रीवालीने गाठ मारली, वर बघितलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, “या, बाबा. तुमच्याकडे एक बाई आल्यात. कोण ते मी विचारलं नाही, पण जिना चढताना गुडघा दुखत होता बिचाऱ्यांचा, म्हणून किल्लीने दार उघडून दिलं आणि म्हटलं, बसा, त्यांना यायला नेहमी उशीर होतो. तर बसायला काही तयार नाहीत. म्हणाल्या, खूप बसून झालं.”